ताप कोणत्या दिवशी आला?

ज्या गावात नळ रोज येत नाही, तिथे टाकी, रांजण, ड्रम भरून ठेवावेच लागतात. साखरखेर्डा काय किंवा सिंदखेडराजा तालुक्यातले दुसरे कुठले गाव काय, एडिस डासाला अंडी घालायला असे साठवणीचे स्वच्छ पाणी पुरते. पावसाळा ओसरता ओसरता तापाचे रुग्ण वाढतात आणि हातात रिपोर्ट पडतो, ‘एनएसवन पॉझिटिव्ह’.

हे एनएसवन म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचे एक प्रथिन. विषाणूकणात मात्र ते नसतेच! विषाणू शिरलेल्या पेशी ते तयार करून रक्तात सोडतात, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासून ते सापडू शकते. चाचणीच्या प्लेटवर त्याला धरणाऱ्या अँटिबॉडी आधीच बसवलेल्या असतात. प्रथिन तिथे अडकले की पुढच्या रसायनांनी रंग उमटतो.

पाचेक दिवसांनी शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी वाढतात, प्रथिन त्यांच्यात गुंतते आणि चाचणीच्या हाती लागेनासे होते. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर हे आणखी लवकर घडते. सातव्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ पाहून घरचे निश्चिंत होतात, ते म्हणूनच चुकीचे.

अशा वेळी आयजीएम एलायझा ही चाचणी लागते आणि इथे बाजू पालटतात. आता शोधायची असते रुग्णाची अँटिबॉडी. ती ओळखण्यासाठी विषाणूचे प्रथिन किटमध्येच दिलेले असते. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्याने सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तयार झालेली ही किट देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांना पुरवली जातात.

कोरोनाकाळात विषाणूचे प्रथिन पकडण्याची विद्या घरात आली. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोविसेल्फ’ या घरगुती चाचणी किटला मान्यता दिली. नाकातल्या नमुन्यात न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन शोधून ते पंधरा मिनिटांत निकाल देई. पण लक्षणे असून निगेटिव्ह आले तर आरटीपीसीआर करावीच लागे. डेंग्यूच्या रॅपिड कार्डाचेही तसेच. सरकारी कार्यक्रमात त्यावर पक्के निदान होत नाही, एलायझाच लागते. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावरून डेंग्यू ठरवणे तर त्याहून कच्चे. त्या इतर तापांतही घटतात.

तेव्हा ताप चढला ती तारीख लिहून ठेवा आणि रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. एनएसवन करायची की आयजीएम, हे त्यांना त्यावरूनच ठरवायचे असते.