क्रीट : डोंगरकण्याचे बेट

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आहे. रुंदी मात्र कुठे ६० किलोमीटर, तर कुठे अवघी १२. या चिंचोळ्या भूमीच्या मधोमध डोंगरांची रांग उभी आहे. पश्चिमेला लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, मध्यभागी प्सिलोरितिस, पूर्वेला दिक्ती. प्सिलोरितिसचे शिखर २,४५६ मीटर उंच आहे आणि पांढऱ्या डोंगरांतले सर्वोच्च शिखर त्याहून जेमतेम तीन मीटरनी कमी. वसंत ऋतूत किनाऱ्यावर लोक पोहत असताना या शिखरांवर बर्फ दिसतो.

बेटाचे सगळे गणित या डोंगरकण्यावर बसले आहे. उत्तरेकडे सखल किनारा, बंदरे, मोठी शहरे आणि त्यांना जोडणारा हमरस्ता आहे. दक्षिणेकडे कडे थेट लिबियन समुद्रात उतरतात, त्यामुळे तिथली गावे लहान, रस्ते वळणावळणाचे, आणि काही गावांना तर बोटीने किंवा पायीच जावे लागते. ग्रीक बेट म्हणजे पांढरी घरे, निळे घुमट आणि दोन दिवसांचा मुक्काम, ही कल्पना क्रीटला लागू पडत नाही. इथे चार हजार वर्षांपूर्वीचे राजवाडे, व्हेनिसच्या काळातले किल्ले, खोल घळी आणि रानभाज्यांनी भरलेले ताट हे सगळे एकाच बेटावर भेटते.

मिनोअन राजवाडे

राजधानी इराक्लिओपासून पाच किलोमीटरवर क्नोसोस आहे. इसवी सनापूर्वी साधारण १९०० च्या सुमारास इथे पहिला राजवाडा उभा राहिला. इसवी सनापूर्वी सतराव्या शतकाच्या आगेमागे तो कोसळला आणि त्याच जागी आणखी मोठा बांधला गेला. मधला प्रशस्त चौक, त्याभोवती अनेक मजली दालने, उजेड आत आणणारे उघडे चौक, मातीच्या नळांची सांडपाण्याची व्यवस्था, आणि तेल, धान्य व मद्य साठवायचे माणसाच्या उंचीचे रांजण हे सारे आजही पाहायला मिळते. ग्रीक पुराणकथेत राजा मिनोसने बैलाचे डोके असलेल्या मिनोतॉरला ज्या चक्रव्यूहात कोंडले, तो इथलाच मानला जातो. त्या मिनोसच्या नावावरूनच ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी या संस्कृतीला ‘मिनोअन’ म्हटले.

इव्हान्स यांनी १९०० मध्ये मोठे उत्खनन सुरू केले. त्याआधी, १८७८ मध्ये, मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक गृहस्थाने इथे पहिली कोठारे उघडी केली होती. इव्हान्स उत्खननावर थांबले नाहीत. त्यांनी सिमेंट-काँक्रीट वापरून काही दालने आणि लाल खांब पुन्हा उभे केले. हे खांब वर रुंद आणि खाली निमुळते आहेत. मूळचे लाकडी होते. ही पुनर्रचना किती खरी आणि किती इव्हान्स यांच्या कल्पनेतली, हा वाद अजून संपलेला नाही. म्हणून क्नोसोसमध्ये मूळ दगड आणि विसाव्या शतकातले काँक्रीट यांतला फरक ओळखत फिरावे. सकाळी दार उघडताच गेल्यास ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात.

क्नोसोसला जोडूनच इराक्लिओचे पुरातत्त्व संग्रहालय पाहायला हवे, कारण राजवाड्यात जागोजागी दिसणारी भित्तिचित्रे प्रतिकृती आहेत. मूळ तुकडे या संग्रहालयात आहेत. धावत्या बैलावरून कोलांटी घेणाऱ्या तरुणाचे चित्र, हातात साप धरलेल्या स्त्रियांच्या मूर्ती, मधाच्या थेंबाशी दोन माश्या असलेले मालियाचे सोन्याचे लोलक आणि १९०८ मध्ये सापडलेली फेस्टोसची चकती या वस्तूंपाशी पाय थबकतात. सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाच्या या मातीच्या चकतीवर ४५ प्रकारची चिन्हे गोलाकार उमटवलेली आहेत आणि त्यांचा अर्थ आजवर लागलेला नाही. मिनोअन लोकांची ‘लिनिअर ए’ लिपीही वाचता येत नाही. नंतरची ‘लिनिअर बी’ मात्र मायकल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली आणि त्यामागची भाषा जुनी ग्रीक निघाली. क्नोसोसच्या या लिपीतल्या पाट्यांवर काव्य किंवा इतिहास नाही. मेंढ्या, लोकर आणि तेल यांचे हिशेब आहेत.

ज्यांना पुनर्रचनेपेक्षा अस्सल अवशेष पाहायचे आहेत, त्यांनी दक्षिणेच्या मेसारा मैदानावरच्या टेकडीवर वसलेले फेस्टोस गाठावे. तिथे काँक्रीटचे मजले चढवलेले नाहीत. रुंद पायऱ्या, चौक आणि समोर प्सिलोरितिस. क्नोसोस, फेस्टोस, मालिया आणि झाक्रोस यांच्यासह सहा मिनोअन राजवाडी केंद्रांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

फेस्टोसच्या वाटेवरच गोर्तीन लागते. रोमन काळात ही क्रीटची राजधानी होती. तिथल्या भिंतीवर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला कायदा कोरलेला आहे. वारसा, विवाह, घटस्फोट, गुलामांचे हक्क असे विषय त्यात आहेत. त्याची एक ओळ डावीकडे जाते, तर पुढची उजवीकडे. नांगरताना बैल शेताच्या टोकाला वळून परत येतात तसे हे लेखन असल्याने ग्रीक भाषेत त्याचे नावही बैलाच्या वळणावरूनच पडले आहे.

व्हेनिस आणि तुर्कांच्या खुणा

तेराव्या शतकाच्या आरंभापासून १६६९ पर्यंत क्रीट व्हेनिसच्या ताब्यात होते. त्या काळचा इराक्लिओचा तट अजून शहराला वेढून आहे. याच तटावर तुर्कांनी १६४८ ते १६६९ असा २१ वर्षे वेढा दिला. जगाच्या इतिहासातल्या सर्वांत लांबलेल्या वेढ्यांत त्याची गणना होते. तटाच्या मार्तिनेंगो बुरुजावर निकोस काझान्झाकिस यांची साधी कबर आहे. १८८३ मध्ये याच शहरात जन्मलेल्या या लेखकाची ‘झोर्बा’ ही कादंबरी जगभर गेली. तिच्यावरील १९६४ च्या चित्रपटातले शेवटचे नृत्य हानियाजवळच्या स्ताव्रोस किनाऱ्यावर चित्रित झाले.

पश्चिमेचे हानिया हे बेटावरचे सर्वांत देखणे शहर मानले जाते. जुन्या बंदराभोवती व्हेनिसच्या काळातली घरे, जहाजे दुरुस्त करण्याची उंच कमानींची गोदामे आणि धक्क्याच्या टोकाला दीपगृह आहे. दीपगृहाचा पाया व्हेनिसचा, तर आजचा मनोरा १८३० च्या दशकातला, म्हणजे बेट इजिप्तच्या अमलाखाली असतानाचा. पाण्याकाठची घुमटाकार मशीद तुर्कांनी १६४५ मध्ये शहर घेतल्यानंतरची आहे. स्प्लांझिया चौकातल्या संत निकोलसच्या चर्चला एका बाजूला घंटाघर आणि दुसऱ्या बाजूला मिनार आहे. व्हेनिसच्या धर्मगुरूंनी बांधलेली ही वास्तू तुर्कांच्या काळात मशीद झाली आणि नंतर पुन्हा चर्च. १ डिसेंबर १९१३ रोजी बंदराच्या तोंडाशी असलेल्या फिर्कास किल्ल्यावर ग्रीक ध्वज चढला आणि क्रीट अधिकृतपणे ग्रीसमध्ये विलीन झाले.

हानिया आणि इराक्लिओ यांच्या मध्ये रेथिम्नो आहे. समुद्रावरच्या टेकाडावर १५७३ ते १५८० या काळात बांधलेला फोर्तेत्सा किल्ला, अरुंद बोळ आणि सिंहमुखांतून पाणी सोडणारे रिमोंदी कारंजे संध्याकाळच्या फेरफटक्यात पाहून होते. शहरापासून आत डोंगराकडे आर्कादी मठ आहे. नोव्हेंबर १८६६ मध्ये तुर्की सैन्याने मठाला वेढले, तेव्हा आत आसऱ्याला आलेल्या शेकडो बायका-मुलांसह बंडखोरांनी दारूकोठार पेटवून दिले, पण शरण गेले नाहीत. या घटनेने क्रीटच्या स्वातंत्र्यलढ्याकडे युरोपचे लक्ष वेधले. छप्पर उडालेले ते कोठार तसेच राखले आहे.

पूर्वेकडे मिराबेलो आखातात स्पिनालोंगा हे लहानसे बेट आहे. व्हेनिसने १५७९ मध्ये तिथे किल्ला उभारला आणि मुख्य बेट गेल्यानंतरही १७१५ पर्यंत तो राखला. पुढे १९०३ पासून १९५७ पर्यंत ग्रीसमधल्या कुष्ठरोग्यांना इथे आणून ठेवले जाई. समाजाने दूर लोटलेल्या या माणसांनी तिथे दुकाने चालवली, लग्ने केली, मुले वाढवली. औषध सापडल्यावर वसाहत बंद झाली. प्लाका, एलुंदा आणि आगिओस निकोलाओस इथून बोटी जातात. ओस पडलेल्या घरांमधून चालताना हा इतिहास ठाऊक असावा.

घळी आणि पठारे

चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी समारियाची घळ हा सहलीचा मुख्य दिवस ठरतो. पांढऱ्या डोंगरांत सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या ओमालोस पठारापाशी वाट सुरू होते आणि १६ किलोमीटर उतरून दक्षिण किनाऱ्यावरच्या आगिया रूमेली गावात संपते. पाच ते सात तास लागतात. सुरुवातीचा उतार तीव्र आहे. मग पाइन आणि सायप्रसचे रान, १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यावर रिकामे झालेले समारिया गाव, आणि शेवटी ‘दारे’ नावाची अरुंद जागा येते. इथे दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटर उंच कडे आणि मधली वाट चारेक मीटरची. ‘क्री-क्री’ ही क्रीटची रानशेळी कधी कधी वाटेतच दिसते. आगिया रूमेलीला रस्ता नाही, म्हणून शेवटची बोट चुकवून चालत नाही. घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते. पाऊस किंवा अतिउष्णतेच्या दिवशी बंद ठेवतात. जाड तळव्याचे बूट हवेतच.

पूर्वेचे लासिथी पठार सुमारे ८४० मीटर उंचीवर आहे. एके काळी कापडी शिडांच्या हजारो पवनचक्क्या इथल्या शेतांना पाणी उपसून देत. आता काही मोजक्याच उरल्या आहेत. पठाराच्या कडेला, प्सिक्रो गावाजवळ, लवणस्तंभांनी भरलेली दिक्तीची गुहा आहे. देवराज झ्यूसचा जन्म इथे झाला, अशी आख्यायिका आहे. प्सिलोरितिसच्या उतारावरचे आनोगिया गाव १९४४ मध्ये जर्मन सैन्याने उद्ध्वस्त केले होते. ते पुन्हा उभे राहिले आणि आज विणकाम व लायरावादन यांसाठी ओळखले जाते.

किनारे

नैर्ऋत्य टोकाचा एलाफोनिसी किनारा उथळ, कोमट पाण्यासाठी आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने गुलाबी झालेल्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे. ही वाळू उचलून नेण्यास मनाई आहे. वायव्येचा बालोस किस्सामोसहून बोटीने गाठता येतो. दक्षिणेला प्रेवेलीत नदी खजुरांच्या रानातून समुद्राला मिळते. पूर्व टोकाला वाई आहे. साताऱ्याच्या वाईशी फक्त उच्चार जुळतो, नाव मात्र खजुराच्या फांदीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. तिथे क्रीटच्या मूळ खजूरजातीचे मोठे रान थेट वाळूपर्यंत येते. मातालाच्या कड्यात कोरलेल्या रोमन काळातल्या थडग्यांमध्ये १९६० च्या दशकात जगभरातले हिप्पी राहत असत. रेथिम्नोच्या लांबलचक वाळूत उन्हाळ्यात समुद्री कासवे अंडी घालतात. कुंपण घातलेल्या जागांपासून दूर राहावे.

ताट

१९५८ मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या आरोग्य-अभ्यासात क्रीटच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत कमी आढळले आणि इथल्या जेवणाकडे जगाचे लक्ष गेले. ते साधे होते : ऑलिव्हचे भरपूर तेल, डाळी-कडधान्ये, फळे, सातूचा पाव आणि डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्या. या भाज्यांना ‘होर्ता’ म्हणतात. उकडून, वर तेल आणि लिंबू पिळून वाढतात. ‘दाकोस’ म्हणजे सातूच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा हे ताजे चीज आणि तेल. हानियाची ‘बुरेकी’ झुकिनी, बटाटा, चीज आणि पुदिन्याची असते. मांसाहारींसाठी कोकराचे मटण आणि तव्यावर परतलेल्या गोगलगायी आहेत. जेवणानंतर फळे किंवा गोड पदार्थ आणि द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली राकी बहुतेक ठिकाणी घरची भेट म्हणून येते.

शाकाहारी माणसाला क्रीटमध्ये उपाशी राहावे लागत नाही. तेलात शिजवलेल्या भाज्यांच्या प्रकारांना ‘लादेरा’ म्हणतात. ‘निस्तीसिमो’, म्हणजे चर्चच्या उपवासाचे, असे सांगितल्यास मांस, दूध, अंडी वगळलेले पदार्थ मिळतात. मात्र त्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतात, एवढे ध्यानात ठेवावे.

जेवणाच्या मैफलीत लायरा हे तीन तारांचे वाद्य गजाने वाजते आणि त्यावर ‘मान्तिनादा’ म्हटल्या जातात. पंधरा-पंधरा अक्षरांच्या दोन यमकबद्ध ओळी, प्रसंग पाहून जागच्या जागी रचलेल्या. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कानांना ही रीत ओळखीची वाटते.

जाण्याची तयारी

भारतीय पारपत्रावर ग्रीसला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. अथेन्सहून इराक्लिओ आणि हानिया या दोन्ही विमानतळांवर तासाभराच्या आत पोहोचता येते. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सुटलेली रात्रीची बोट पहाटे क्रीटला लागते. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतल्यास उलटा प्रवास वाचतो. सात दिवस असतील तर तीन रात्री इराक्लिओ किंवा आगिओस निकोलाओस आणि चार रात्री हानिया अशी विभागणी सोयीची पडते. याहून कमी वेळ असल्यास बेटाचा एकच अर्धा भाग निवडावा, कारण नकाशावर जवळ दिसणारे दक्षिणेचे गाव डोंगर ओलांडून जाताना दीड-दोन तास घेते. उत्तर किनाऱ्यावर बससेवा चांगली आहे. दक्षिणेसाठी भाड्याची मोटार उपयोगी.

जुलै-ऑगस्टमध्ये कडक ऊन, गर्दी आणि उत्तरेचा जोराचा वारा असतो. एप्रिल-मे महिन्यांत डोंगर फुलांनी भरलेले असतात आणि बहुधा याच सुमारास येणारा ऑर्थोडॉक्स ईस्टर गावोगावी मध्यरात्री मेणबत्त्यांनी साजरा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र उबदार, गर्दी कमी आणि घळी अजून खुल्या असतात. हिवाळ्यात किनाऱ्यावरची बरीच हॉटेले आणि दक्षिणेच्या अनेक बोटी बंद असतात. शहरे, संग्रहालये आणि राजवाडे मात्र तेव्हाही पाहता येतात.