खारं वारं आणि छपरावरचं सोलर

आमचं गाव खाडीकाठी. इथं दाराच्या कड्यासुद्धा गंजतात, मग सोलर पॅनेल कसं सुटेल? आमच्या गटाच्या पीठगिरणीचं सोलर तिसऱ्या पावसाळ्यानंतर मंदावलं. काच तर लख्ख होती, आम्हीच पुसत होतो!

दोष निघाला मागच्या बाजूला. वायरी जिथून निघतात त्या काळ्या डबीचं झाकण सैल बसवलेलं. खारी हवा आत शिरली आणि जोडणी हिरवी-काळी पडली. गंजलेल्या जोडणीत वीज अडते, डबी तापते, कधी वितळतेही.

काचेखालचे सेल प्लास्टिकच्या थरांत सीलबंद असतात. ऊन-पावसानं मागचा थर तडकला की ओल आत जाते आणि सेलवरच्या बारीक रेघा गंजतात. ते मात्र दुरुस्त होत नाही.

घेतानाच ‘आयईसी ६१७०१’ ही खाऱ्या हवेची चाचणी झालीय का, ते कागदावर बघा. २५ वर्षांची वॉरंटी बहुधा वीजनिर्मितीची असते. गंजाचं काय, ते वाचून घ्या. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच मागा. पॅनेल सकाळी, काच गार असताना, गोड्या पाण्यानं धुवा. विहिरीचं मचूळ पाणी नको.

आणि डबी आपण उघडायची नाही हं. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या वायरीत वीज असते. आम्ही जाणकार वायरमन बोलावला. सहापैकी पाच पॅनेल वाचली. सहाव्याचा हप्ता अजून भरतोय.