वळवटाचा दिवस

पहाटे ४

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याजवळच्या मावशीच्या वस्तीवर चूल पेटली आहे. तीन दिवस भिजलेला, रोज पाणी बदललेला गहू काल दुपारी वाटून, पिळून झाला. रात्रभरात पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसला आणि वर पिवळसर पाणी आलं. मावशी ते निवळलेलं पाणी अलगद ओतून देते. जेवढा चीक तेवढंच पाणी आधणाला ठेवायचं, मीठ-हिंग घालायचं, मग एकीनं धार धरायची आणि दुसरीनं हाटायचं. हाटायचं काम माझ्याकडे आहे.

"हाटत ऱ्हा गं, थांबू नगंस. थांबलीस का गाठ झालीच."

हाटता हाटता दुधासारखा चीक जड होतो, मग पारदर्शक आणि चकचकीत. शिजल्याची खूण तीच. इतक्या पहाटे उठायचं कारण साधं आहे: चैत्रातलं ऊन डोक्यावर यायच्या आत कुरडया घालून झाल्या पाहिजेत आणि त्यांना दिवसभराचं ऊन मिळालं पाहिजे.

सकाळी ६

अंगणात बाजेवर धुतलेलं जुनं लुगडं अंथरलंय. पितळी सोऱ्यात गरम चीक भरून मावशीची जाऊ गोल गोल कुरडई घालते. तिच्या मनगटात जी ताकद आहे ती माझ्या दोन्ही हातांत मिळून नाही. पोरं वाट्या घेऊन उभी आहेत. कुणाला चिकावर दूध-साखर हवी, कुणाला तेल-तिखट.

कुरडईत गव्हाचं फक्त पिष्ट असतं. गव्हाला चिवटपणा देणारं प्रथिन चोथ्याबरोबर निघून जातं, म्हणून कुरडईला आकार येतो तो शिजलेल्या पिष्टाच्या चिकटपणानं. चोथाही वाया जात नाही, त्याच्या भुसवड्या होतात. शेवईचं गणित याच्या अगदी उलटं. तिथं प्रथिनाचीच जाळी धागा धरून ठेवते. एकाच गव्हातून दोन उलट गुणांचे पदार्थ एकाच आठवड्यात काढणाऱ्या बायकांना हे ज्ञान कुणी पुस्तकातून दिलेलं नाही, आणि मला ते कुठल्याही पाकशाळेतल्या ज्ञानाच्या तोडीचं वाटतं.

सकाळी ९

शेवयांसाठी मावशीनं बन्सी गहू काल ओलवून, फडक्यात दडपून, दळून ठेवलाय. चाळून रवा वेगळा, सपीठ वेगळं, कोंडा गुरांना. बन्सी म्हणजे जगात ज्याला ड्युरम म्हणतात त्या जातकुळीतला कडक, पिवळसर गहू. इटलीत 1967 च्या कायद्यानं वाळवलेला पास्ता ड्युरमच्याच रव्याचा करायचं बंधन घातलं. आपल्याकडे कायदा नव्हता, पण शेवयाला मऊ गहू घेतला तर धागा तुटतो आणि शिजल्यावर लगदा होतो, हे घराघरांत ठाऊक होतं. आपला खपली गहू इटलीत फार्रो म्हणून मानानं विकला जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं दौंडच्या शेजारच्या बारामती तालुक्यात, होळच्या प्रक्षेत्रावर, या दोन्ही गव्हांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचा एमएसीएस 4028 ड्युरम आहे आणि एमएसीएस 2971 खपली. शेवयांच्या दिवसांत या कामाची आठवण व्हायला हवी असं मला वाटतं.

सकाळी १०

डबे बांधून पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका. भीमेला पाणी आहे, दोन्ही काठांना ऊस आहे. केडगावच्या बाजूला एका बचत गटाच्या बायकांनी शेवयाचं यंत्र बसवलंय, त्यासमोर डब्यांची रांग. मीठपाण्यात घट्ट भिजवलेला गोळा वरून टाकायचा, खाली पितळी जाळीतून धागे उतरतात, ते हातभर झाले की काठीवर झेलून कापायचे. जाळ्या वेगवेगळ्या. यंत्रावरच्या ताई सांगतात की रमजानात दौंडहून येणाऱ्या बायका शीरखुर्म्यासाठी सगळ्यांत बारीक जाळी मागतात, आणि गुळवणीबरोबर खाणाऱ्यांना जरा जाड हवी असते.

जाळीचा धातू हा नुसता कारागिरीचा मुद्दा नाही. इटलीतले जुन्या वळणाचे कारखाने अजूनही काशाच्या साच्यातून पास्ता काढतात, कारण त्यातून निघालेला पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि रस्सा धरतो. टेफ्लॉनच्या साच्यातून निघालेला गुळगुळीत होतो, त्यावरून रस्सा घसरतो.

काठ्या उन्हात नेत नाहीत, आतल्या सावलीच्या खोलीत टांगतात. बाहेरून पटकन वाळलं आणि आत ओल राहिली की धागा तडकतो. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात समुद्राकडून येणारा दमट वारा आणि डोंगराकडचा कोरडा वारा यांच्या भरवशावर एके काळी रस्त्यांवर काठ्या लावून पास्ता वाळवायचे. शिरूर-दौंडला समुद्र नाही. इथं पर्जन्यछायेची कोरडी हवा आहे आणि जूनच्या आधीचे मोजके आठवडे.

दुपारी १

पिठलं-भाकरी, कांदा. मावशी अर्धा तास आडवी होते.

दुपारी २

आता खरं वळवट. पडवीत मावशी, तिची जाऊ, शेजारच्या दोन काकू आणि लग्न ठरलेली मुलगी अशा सगळ्या बसल्या आहेत. कुणी पैसे घेत नाही, काम सावडीनं: आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. तिंबून तेलाचा हात लावलेल्या गोळ्याची वातीएवढी वळी डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत चिमूट फिरवून गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला तोडायचा. दोन्ही टोकं निमुळती हवीत. तासाभराच्या बैठकीला एका बाईची वाटीसुद्धा भरत नाही. इटलीतला जवाच्या दाण्यासारखा ओर्झो आज यंत्रावर होतो. गव्हले अजून चिमटीतच आहेत.

नखुल्यांना नखानं दाबून खोलगट करायचं. बोटवे बोटाच्या आधारानं वळायचे. मालत्या फक्त मोठ्या काकूंना चांगल्या जमतात, म्हणून त्यांच्यासमोर पीठ वेगळं ठेवलंय. दक्षिण इटलीतली कावातेल्ली नखुल्यांच्याच चालीनं बोटाच्या दाबानं पोकळ होते, आणि ट्रापानीची बुसियाते काडीवर पीठ गुंडाळून काढतात, आपल्या विदर्भातल्या सरगुंड्यांसारखीच. सरगुंडे तिकडे आमरसाबरोबर खातात. पोकळीत रस भरतो, खोलगट नखुल्यात दूध साचतं, गव्हला खिरीत चमच्याबरोबर सहज येतो. आकार शोभेसाठी केलेला नसतो, तो खाण्याच्या तऱ्हेनं ठरतो.

बारीच्या जुन्या शहरात अंगठ्यानं ओरेकिएत्ते वळणाऱ्या बायका दाराशी टेबल मांडून बसतात आणि देशोदेशीचे लोक त्यांना पाहायला जातात. सार्डिनियातल्या नुओरोमध्ये धागे ओढून करायच्या सू फिलिंदेऊवर लेख, चित्रफिती निघाल्या, कारण तो करणारे हात मोजके उरले. आपल्याकडे हातशेवया ओढणारे हातही कमी झालेत. मोठ्या काकूंचे मालत्यांवरचे हात कुणी टिपून ठेवलेले नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. जिल्ह्याजिल्ह्यातले वळवटाचे आकार, त्यांचा गहू आणि ते कशाबरोबर खातात, एवढं तरी आता लिहून ठेवायला हवं. मी वहीत लिहितेय. मालती वळताना काकूंना तीनदा थांबायला लावलं, त्या रागावल्या नाहीत.

"मुहूर्ताचे पाच जणींनी करायचे, बरं का," धाकट्या काकू नवरीला सांगतात. लग्नघरी सवाष्णींच्या हातचे गव्हले आधी होतात, नंतर रुखवतात वळवटाचं ताट मांडलं जातं.

संध्याकाळी ६

कुरडया उलटून घेतल्या. कडा उचलल्या आहेत, मधे अजून ओल आहे. त्यांना उद्या आणि परवाचं ऊन लागेल. गव्हले-नखुले परातीत पसरून फडक्याखाली.

रात्री ८

आजच्याच शेवयांतला मोडका चुरा मावशीनं उकळत्या पाण्यात सोडला, उपसून निथळवला. त्यावर तूप, गरम दूध आणि नदीपल्याड राहूकडच्या गुऱ्हाळातला गूळ. नव्या शेवईला दाताखाली किंचित कस लागतो, जुनीला तो राहत नाही. जाऊबाई कुरडयांची वाटणी बोलून घेतात: लेकीकडे पुण्याला किती, नवरीच्या घरी किती, आषाढात तळायला किती. धाकट्या काकूंच्या गव्हाचं आजचं पाणी बदलायचं राहिलंय, त्या ताट तसंच ठेवून उठतात.