वेधशाळेतला झाडूवाला आणि गुणवत्तेचे ठेकेदार

२००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसींना सत्तावीस टक्के जागा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा दिल्लीतले वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांनी निषेध कसा केला? रस्ते झाडले आणि बूट पॉलिश केले. १९९० साली मंडल आयोगाच्या वेळीही हेच नाटक झाले होते. 'आरक्षण आले तर आमच्यासारख्या गुणवंतांना झाडू हातात घ्यावा लागेल' हा त्याचा अर्थ. म्हणजे झाडू कोणाच्या हातात शोभतो आणि दुर्बीण कोणाच्या हातात, हे त्यांच्या मनात आधीच पक्के होते. या झाडूला उत्तर म्हणून आम्ही आज दुसऱ्या एका झाडूची हकिगत सांगणार आहोत. ती जगातल्या एका मोठ्या वेधशाळेच्या पडद्यामागची आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पॅसाडेना शहराजवळ माउंट विल्सन नावाचा डोंगर आहे. उंची सुमारे सतराशे मीटर. जॉर्ज एलरी हेल या खगोलशास्त्रज्ञाने तिथे शंभर इंच, म्हणजे अडीच मीटरहून अधिक व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली. १९१७ पासून पुढे तीस वर्षे ती जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. आरसा मोठा कशासाठी? पावसात वाटी ठेवली तर थोडे पाणी जमते, परात ठेवली तर जास्त जमते. प्रकाशाचेही तसेच आहे. आरसा जितका रुंद तितका जास्त प्रकाश गोळा होतो आणि तितकी दूरची, अंधूक वस्तू दिसते.

हा आरसा मात्र विद्वानांच्या कपाळावरच्या तेजातून निर्माण झालेला नाही. जॉन हूकर या व्यापाऱ्याने त्यासाठी पंचेचाळीस हजार डॉलर दिले. काच ओतली फ्रान्समधल्या सेंट गोबेनच्या कारखान्यातल्या भट्टीवाल्यांनी, आणि तीही दारूच्या बाटल्या ज्या हिरवट काचेच्या बनतात तसल्याच काचेची. एवढा मोठा घाणा एका दमात ओतता येईना, म्हणून वितळलेली काच तीन वेळा ओतावी लागली. थरांच्या मध्ये हवेचे बुडबुडे राहिले. १९०८ च्या अखेरीस ती सुमारे चार टनांची चकती पॅसाडेनाला पोहोचली. जॉर्ज रिची हे आरसे घासण्याच्या कलेतले मोठे नाव. त्यांनी ती पाहून नापसंत केली. बुडबुड्यांची काच थंडी-उन्हात वाकडी होईल, असे त्यांना वाटत होते. नवी चकती ओतण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा त्याच 'सदोष' काचेवर काम सुरू करायचे ठरले.

मग वर्षानुवर्षे घासणे. काचेवर बारीक भुकटी, पाणी आणि फिरते चाक. थोडे घासायचे, काच निवेपर्यंत थांबायचे, मोजायचे आणि पुन्हा घासायचे. आरशाच्या वक्रतेत केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकीही चूक चालत नाही. शेवटी त्यावर चांदीचा पातळ थर. ती चांदी हवेने काळवंडते, म्हणून ती पुन्हा पुन्हा काढून नवी चढवावी लागे. जुलै १९१७ मध्ये हा आरसा मालमोटारीवरून डोंगरावर चढवला गेला. दुर्बिणीचा फिरता भाग शंभर टनांचा. तो जड सांगाडा अलगद फिरावा म्हणून त्याचा भार पाऱ्यावर तरंगता ठेवलेला.

१ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री हेल, त्यांचे सहकारी वॉल्टर अ‍ॅडम्स आणि पाहुणे म्हणून आलेले इंग्रज कवी अल्फ्रेड नॉयेस असे सगळे वर जमले. दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळवली. पाहतात तर एका गुरूऐवजी एकावर एक चढलेले अनेक गुरू! सर्वांचे चेहरे उतरले. रिचीचे भाकीत खरे ठरले की काय? मग लक्षात आले की दिवसा कामासाठी घुमट उघडा राहिला होता आणि आरसा उन्हाने तापला होता. तो निवेपर्यंत वाट पाहणे एवढाच उपाय होता. पहाटे तीनच्या सुमारास दुर्बीण अभिजित ताऱ्याकडे वळवली, तेव्हा प्रतिमा टोकदार, स्वच्छ दिसली. ज्याला सदोष म्हणून बाजूला टाकले होते, त्याच आरशाने पुढे विश्वाचे मोजमाप बदलले. तापलेल्या आरशाला निवायला वेळ दिला जातो. माणसाला मात्र पहिल्या परीक्षेतच 'नालायक' ठरवले जाते.

आता झाडूकडे येऊ. मिल्टन ह्युमेसन हा १८९१ साली जन्मलेला मुलगा. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याने शाळा सोडली, ती कायमची. डोंगरावर वेधशाळेचे बांधकाम चालू होते. लाकूड, लोखंड, धान्य खेचरांच्या पाठीवर वर चढवावे लागे. ह्युमेसन त्या खेचरांना हाकत असे. पुढे त्याने मळ्यात काम केले आणि १९१७ साली तो वेधशाळेत झाडूवाला म्हणून लागला. फरशी झाडायची, खोल्या साफ करायच्या. काही काळाने रात्रीचा मदतनीस म्हणून त्याला दुर्बिणीजवळ उभे राहायला मिळाले.

हे रात्रीचे काम वाचकांनी नीट समजून घ्यावे. घुमटात शेगडी पेटवता येत नाही, कारण गरम हवेने प्रतिमा थरथरते. बर्फाळ रात्री उघड्या झरोक्याखाली बसायचे. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बीणही तिच्या उलट सावकाश फिरत राहते, पण यंत्र थोडे चुकतेच. म्हणून एका खुणेच्या ताऱ्यावर डोळा लावून, हाताने बारीक दुरुस्ती करत, तो तारा तारांच्या फुलीवरून ढळू द्यायचा नाही. एक अंधूक दीर्घिका घ्या. तिचा वर्णपट छायाचित्राच्या काचेवर उमटायला एक रात्र पुरत नाही. पहाटे काच झाकून ठेवायची, दुसऱ्या रात्री तीच काच पुन्हा लावायची. असे तीस-तीस तासांहून अधिक काम एका काचेवर. ह्युमेसनने हे काम असे आत्मसात केले की डोंगरावर त्याच्या हाताचा माणूस उरला नाही. गणित त्याला तिथल्याच शास्त्रज्ञांनी शिकवले. १९१९ साली हेल यांनी, 'याला पदवी नाही' ही कुरकुर बाजूला सारून, त्याला शास्त्रज्ञांच्या वर्गात घेतले.

तरीही पदवीचा अहंकार कसा काम करतो ते पाहा. खगोलशास्त्राच्या इतिहासात एक गोष्ट सांगितली जाते. ह्युमेसनने देवयानी तेजोमेघाच्या काचांवर काही रूपविकारी तारे शोधून त्यांवर शाईने खुणा केल्या आणि हार्लो शॅपली या नामवंत शास्त्रज्ञाला दाखवल्या. देवयानी आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे असे शॅपलींचे मत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्या खुणा पुसून टाकल्या. शॅपली ह्युमेसनचे शत्रू नव्हते, उलट त्यांनी त्याला प्रोत्साहनच दिले होते. पण चांगल्या मनाचा माणूसही जेव्हा 'याला काय कळते' असे गृहीत धरतो, तेव्हा ज्ञानावरच रुमाल फिरतो. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना त्याच देवयानीत, त्याच दुर्बिणीतून रूपविकारी तारा सापडला. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचे स्वतंत्र विश्व आहे, हे सिद्ध झाले आणि हबल जगप्रसिद्ध झाले.

पुढे हबल यांनी अंतरे मोजली आणि ह्युमेसनने वेग मोजले. १९२९ साली हबल यांचा प्रसिद्ध निबंध आला. त्यातले बहुतेक वेग व्हेस्टो स्लायफर यांनी आधीच मोजलेले होते. पण त्याच वेळी ह्युमेसनने एका दीर्घिकेचा वेग सेकंदाला ३७७९ किलोमीटर मोजून दाखवला. तोपर्यंतच्या सर्वांत मोठ्या मोजमापाच्या हा दुपटीहून अधिक होता. १९३१ च्या हबल-ह्युमेसन निबंधात हे वेग वीस हजारांच्या जवळ गेले. विश्व प्रसरण पावत आहे, या विधानाखालचा पाया शाळा सोडलेल्या माणसाच्या थंडीने बधिरलेल्या बोटांनी घातला. १९५० साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. १९५७ साली तो शास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाला.

पण आम्ही अमेरिकेची आरती ओवाळायला बसलेलो नाही. ह्युमेसन गोरा होता. वेधशाळेच्या इंजिनिअरचा तो जावई होता. काळ्या माणसाला हे दार असेच उघडले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. स्त्रियांना तर ते उघडले नव्हतेच. ताऱ्यांच्या ज्या नियमावरून हबल यांनी अंतर काढले, तो नियम हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली मांडला. हार्वर्डच्या वेधशाळेत त्या तासाला तीस सेंटवर काचा तपासत होत्या. माउंट विल्सनवर खगोलशास्त्रज्ञांच्या निवासाचे नावच मुळी 'मठ' होते आणि मठात बाईला प्रवेश नाही! १९५५ साली मार्गारेट बर्बिज यांना तिथे निरीक्षण करायचे होते. फेलोशिप त्यांच्या नवऱ्याला मिळाली आणि त्या कागदोपत्री त्याच्या मदतनीस झाल्या. राहायला वेगळे घर, जेवणाची सोय स्वतःची. जवळच्या पॅलोमारच्या वेधशाळेत स्त्रियांना वेळ न देण्याचे कारण काय, तर त्यांच्यासाठी संडास नाही. १९६५ साली व्हेरा रुबिन तिथे गेल्या. पुढे त्यांनी कागदाचा परकर कापून संडासाच्या दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला आणि म्हटले, झाली सोय. वेगळे घर, वेगळे जेवण, 'सोय नाही' ही सबब. आमच्या वाचकांना यातले काहीच नवे वाटणार नाही. विटाळाची भाषा सगळीकडे सारखीच असते.

आता १९१७ हे साल पुन्हा आठवा. ज्या वर्षी शाळा सोडलेला ह्युमेसन झाडू घेऊन माउंट विल्सनवर चढला, त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. पारशी खाणावळीतून त्यांना काठ्या घेऊन हुसकावले गेले. साऱ्या शहरात त्यांना डोके टेकायला जागा मिळाली नाही. तिकडे पदवी नसलेल्याला दुर्बीण मिळाली, इकडे पदव्या असलेल्याला खोली मिळाली नाही. गुणवत्तेचा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी हा हिशेब द्यावा.

आणि मेघनाद साहा? बंगालमधल्या खालच्या मानलेल्या जातीतल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. कोलकात्याच्या हिंदू वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांना आपल्या पंगतीत बसू दिले नाही. त्याच साहांनी १९२० साली ताऱ्यांचे वर्णपट वाचण्याची किल्ली जगाला दिली. सूर्यावरच्या डागांत रुबिडियम सापडेल, हे त्यांचे भाकीत हेन्री नॉरिस रसेल यांनी माउंट विल्सनच्या नोंदींवरून खरे ठरवले. सिद्धांत साहांचा, पण तो पडताळून पाहायला दुर्बीण त्यांच्या हाती नव्हती. बुद्धी पंगतीबाहेर बसवली तरी चालते, दुर्बीण मात्र कोणीतरी हाती द्यावी लागते.

आज काय स्थिती आहे? २०१९ साली केंद्राने शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा कायदा केला. त्याच्याच चौथ्या कलमाने 'उत्कृष्टतेच्या' आणि संशोधनाच्या काही संस्थांना आरक्षणातून वगळले. त्या यादीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. माउंट अबूच्या गुरुशिखरावर वेधशाळा चालवणारी अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळाही आहे. म्हणजे जिथून आकाश दिसते, नेमक्या तिथेच संविधानाची शिडी काढून घेतली! तिथे झाडू मारायला आमची माणसे चालतात. त्या झाडूवाल्याच्या मुलीने दुर्बिणीला हात लावला तर उत्कृष्टता विटाळते काय?

आमच्या देशात झाडू हे काम नसून जात आहे. ह्युमेसनचा झाडू त्याच्या हातातून सुटला, कारण तो त्याच्या जन्माला बांधलेला नव्हता. आरक्षण दुसरे काय करते? जे दार हेलसारखा एखादा माणूस मर्जीने उघडतो, ते दार कायद्याने उघडते. आमची मुले एखाद्या हेलच्या मर्जीवर किती पिढ्या थांबणार?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. चौथ्या कलमातली सूट रद्द करा. प्रत्येक संशोधन संस्थेने आपल्याकडे शास्त्रज्ञ कोणत्या समाजातले आणि सफाई कामगार कोणत्या समाजातले, याचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. वसतिगृहांतली आपली मुले-मुली अशा ठिकाणी न्या. आरसा कसा घासतात, वर्णपट कसा वाचतात, अर्ज कुठे करतात, हे त्यांना कळू द्या. जयंतीच्या वर्गणीतून एका वस्तीने एक लहान दुर्बीण जरी घेतली, तरी तो खर्च सत्कारणी लागेल. आकाशाचा सातबारा कोणाच्याही नावावर नाही, हे त्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.