पहिलीची शाळा: जवळची की नावाजलेली?

वाकड-हिंजवडीपासून हडपसर-वाघोलीपर्यंत, पुण्याच्या उपनगरांत दिवाळी सरली की लहान मुलांच्या घरी एकच विषय सुरू होतो. गल्लीच्या टोकाला महापालिकेची किंवा अनुदानित शाळा असते, दहा मिनिटांत चालत पोचता येईल अशी. आणि नऊ-दहा किलोमीटरवर ‘चांगली’ शाळा असते, जिचं नाव नातेवाइकांना सांगताना बरं वाटतं. माझं मत आधीच सांगते: चौथीपर्यंत जवळच्या शाळेला झुकतं माप द्यावं. ती शिकवण्यात कमी पडते हे स्वतः पाहून पटलं, तरच लांबची धरावी.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. लांबच्या शाळेला एका बाजूचा पाऊण तास धरला तर रोजचा दीड तास रस्त्यात जातो. २०० दिवसांचे झाले ३०० तास! लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. पण व्हॅनच्या फेरीत ज्याचं घर पहिलं, त्याला सगळ्यांच्या आधी उठावं लागतं आणि मिळालेली झोप पुन्हा हातची जाते. परतताना ते पोर दप्तर मांडीवर घेऊन पेंगतं. घरी येतं तेव्हा पोटात भूक असते, पण दोन घास खाण्याचं त्राण नसतं. संध्याकाळी खाली खेळायला उतरावं, तर वर्गातले सोबती शहराच्या दुसऱ्या टोकाला.

शाळा ‘चांगली’ म्हणजे काय, हेही जरा खरवडून पाहायला हवं. दहावीचा निकाल, इमारत, पोहण्याचा तलाव यांवरून पहिलीच्या बाई कसं शिकवतात ते कळत नाही. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश द्यायला कायद्याने मनाई आहे. तरीही एखादी शाळा मुलं निवडून घेत असेल, तर तिच्या निकालाचं किती श्रेय शिकवण्याला द्यायचं?

त्यापेक्षा परवानगी काढून चालू वर्गात थोडा वेळ बसावं. दुसरीतल्या काही मुलांच्या भाषेच्या वह्या मागून घ्याव्यात. सगळ्या वह्यांत तीच सुबक वाक्यं असतील तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. ‘आमच्या माजरीला पिलं झाली’ असं, अनुस्वार चुकलेलं का होईना, स्वतःचं वाक्य दिसलं तर तिथे लेखन शिकवलं जातंय. गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हातात आहेत की कपाटात कुलपाआड, ते पाहावं. मुलींचं स्वच्छतागृह उघडून पाहावं. एका शिक्षकामागे ३० मुलं हे कायद्याचं प्रमाण आहे. शिक्षकाची जागा महिनोन्‌महिने रिकामी असेल, तिसरीतल्या मुलांना साधा परिच्छेद वाचता येत नसेल, तर मन घट्ट करून लांब जावं. जवळ आहे म्हणून पोराची पहिली वर्षं वाया घालवू नयेत.

जवळच्या शाळेत पालकाचाही पाय पडतो. सरकारी-अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. शिक्षक हवा, पुस्तकं हवीत, हे तिथे मांडता येतं, पण बैठकीला पोचणारे पालक हवेत.

ही निवड सगळ्यांना मिळत नाही. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी आहेत. सरकारी किंवा अनुदानित शाळा किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळांना त्यातून सूट देणारा बदल राज्याने २०२४ मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला, ते योग्यच झालं. जवळची शाळा पालकांनी पारखून घ्यावी. ती फक्त गरिबांच्या माथी मारणं अन्याय आहे.

आणि पहिलीचा प्रवेश म्हणजे दहावीपर्यंतचा करार नव्हे. कित्येक शाळा चौथीलाच संपतात, तिथली मुलं पाचवीला नवी शाळा धरतातच. दहा वर्षांच्या मुलाला बसचा प्रवास सहाव्या वर्षापेक्षा पुष्कळ झेपतो, आणि कुठे शिकायचं यावर तोवर त्याचं स्वतःचंही म्हणणं तयार झालेलं असतं.