कोर्टाची पायरी आणि शहाणपण

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिला पुढे एक शेपूटही जोडले जाते आणि ते पोलीस ठाण्याच्या पायरीविषयी असते. म्हणीत अनुभव असतो हे मान्य. पण या म्हणीचा फायदा कोणाला होतो, हा विचार आपण सहसा करीत नाही. गेल्या वर्षी घडलेल्या एका साध्या प्रसंगाने मला तो करायला लावला.

माझी एक वर्गमैत्रीण रोज लोकलने पनवेलला येत असे. एका संध्याकाळी गर्दीत तिची पर्स कोणी लांबवली. पर्समध्ये मोबाइल, आधार कार्ड आणि परीक्षेचे प्रवेशपत्र होते. चोरी नेमकी कोणत्या स्थानकाजवळ झाली हे तिला सांगता येईना. मी सोबत होते. पहिल्या ठाण्यात उत्तर मिळाले, “ही आमची हद्द नाही.” दुसऱ्या ठाण्यातही तेच. शेवटी एका कागदावर ‘हरवल्याची नोंद’ करून घेऊन आम्हाला वाटेला लावण्यात आले. पर्स हरवली नव्हती, चोरीला गेली होती, हे सांगण्याचा धीर आम्हा दोघींपैकी एकीलाही झाला नाही. रात्री साडेनऊला ती घरी पोहोचली तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “झाले ते झाले. आता बोभाटा नको. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा दे.”

ठाण्यांची नावे मी सांगत नाही, कारण हा अनुभव अनेकांना अनेक ठिकाणी आला असेल. सांगायचे आहे ते वेगळेच. त्या संध्याकाळी आम्हाला कायद्यातल्या तीन ओळी ठाऊक असत्या, तर पुढचे बरेच काही निराळे घडले असते. त्या ओळी आणि त्यांच्या मागचा इतिहास माझ्या मित्रमैत्रिणींसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

तक्रार नोंदवण्याचा हक्क

गुन्हे दोन प्रकारचे असतात, दखलपात्र आणि अदखलपात्र. चोरी, विनयभंग, मारहाणीत गंभीर दुखापत करणे हे दखलपात्र. अशा गुन्ह्याची खबर मिळाली की प्रथम खबरी अहवाल, म्हणजेच आपण ज्याला एफ. आय. आर. म्हणतो तो, नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, असे स्पष्ट लिहिले आहे. याला व्यवहारात ‘झिरो एफ. आय. आर.’ म्हणतात. ठाण्याने ती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य हद्दीत पाठवायची. हद्द शोधत हिंडणे हे तक्रारदाराचे काम नाही.

तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवली पाहिजे, आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. ज्या गुन्ह्यांची शिक्षा तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी आहे, त्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने पोलिसांना दिली आहे. पण मुभा चौकशीची आहे, दारातून परत पाठवण्याची नाही. ठाण्याने नकारच दिला तर हीच खबर लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवता येते. आपला भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येत असल्याने इथे ती पोलीस उपायुक्तांकडे जाईल. तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ‘हरवल्याची नोंद’ आणि ‘चोरीची तक्रार’ यांतला फरक इथेच आहे. पहिल्या कागदावर नवे कार्ड मिळते. तपास मात्र दुसऱ्या कागदावरच होतो.

ठाण्यात कोणाला बोलवावे?

चौकशीसाठी साक्षीदाराला ठाण्यात बोलावण्याचा अधिकार पोलिसांना आहे. परंतु कोणतीही स्त्री, पंधरा वर्षांखालील किंवा साठ वर्षांवरील पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही. त्यांची चौकशी करायची असेल तर पोलिसांनी घरी यायचे. ही तरतूद वाचताना ती कोरडी वाटते. तिच्यामागे किती दुःख आहे हे समजण्यासाठी आपल्याच राज्यातील एका प्रकरणाची आठवण पुरे.

२६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील व आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे, एका आदिवासी मुलीला जबाबासाठी रात्री ठाण्यात नेण्यात आले. भावाने दिलेल्या तक्रारीसंबंधी तो जबाब होता. जबाबानंतर घरच्यांना बाहेर पाठवून तिला मागे ठेवण्यात आले, आणि दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या, हे त्या निकालातील एक कारण होते. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निमूटपणा म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. १९८० मध्ये ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असा नियम झाला. आणि अत्याचारित स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी आली. त्या मुलीचे नाव पुस्तकांतून सर्रास येते. मी ते येथे घेत नाही.

प्राध्यापक मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कायद्याच्या त्या बदलाची सुरुवात वर्गात शिकवणाऱ्या चौघांच्या एका पत्राने झाली.

अटक झाली तर

अटक हा शब्द आपल्यापासून फार दूर आहे असे आपल्याला वाटते. पण मोर्चात गेलेला विद्यार्थी, अपघातातला दुचाकीस्वार, भांडणात मध्ये पडलेला शेजारी यांच्यावर ती वेळ येऊ शकते. आपल्या पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. इंग्रज सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल १८७९ साली पुण्यात त्यांच्यावर खटला चालला. अशा माणसाची बाजू घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे. तरीही गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्या काळी वकील उभा राहिला तो एका माणसाच्या धैर्यामुळे. आज राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने तो प्रत्येक अटक झालेल्या माणसाचा मूलभूत हक्क केला आहे. अटकेचे कारण कळण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्कही त्याच अनुच्छेदात आहे.

घटनेतील हक्क कोठडीच्या भिंतीआड पोहोचतो की नाही, हा प्रश्न मुंबईत एका महिलेने विचारला. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांच्या भेटी घेतल्या आणि पोलीस कोठड्यांतील मारहाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला पाहणी करण्यास सांगितले. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात व त्यांवर महिला पोलीस असावेत, स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला व जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब द्यावी, असे आदेश निघाले. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक आदेश: अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे, आणि आरोपीला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे. हक्क असून भागत नाही, तो माणसाच्या भाषेत त्याच्यापर्यंत गेला पाहिजे, हे न्यायालयाने ओळखले.

यानंतर डी. के. बसू खटल्यात १९९६ च्या डिसेंबरात अटकेविषयी सविस्तर नियम घालून दिले गेले: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, वैद्यकीय तपासणी हवी. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि तेव्हाही महिला अधिकारी व दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

“वकिलाला पैसे कोठून आणायचे?” हा प्रश्न येथे येतोच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना वकील मोफत मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाचा दाखलाही द्यावा लागत नाही. पनवेलच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. दूरध्वनीवर १५१०० हा क्रमांक आहे. माझ्या वर्गातील किती जणांनी त्या समितीचे नाव ऐकले होते, हे मी विचारून पाहिले. दोघांनी.

रोजची सावधगिरी

कायदा घटनेनंतर येतो, सावधगिरी आधी. संकटकाळी ११२, रेल्वेत १३९, आणि बँकेच्या नावाने फसवणूक झाली तर विलंब न लावता १९३०, हे तीन आकडे पाठ असावेत. मोबाइलचा आय. एम. ई. आय. क्रमांक वहीत लिहून ठेवावा. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे नव्हता. कोणी सतत पाठलाग करीत असेल, तर तो ‘पोरकटपणा’ नसून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. अंगावर हल्ला झाला तर आवश्यक तेवढ्या बळाने स्वतःचा बचाव करणे हा गुन्हा ठरत नाही. महाविद्यालयात लैंगिक छळाची तक्रार ऐकण्यासाठी अंतर्गत समिती असते, आणि रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे.

पळस्पे फाट्यावरून जाणाऱ्यांना आणखी एक सांगितले पाहिजे. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता आपल्या दारातून जातो, आणि अपघात पाहून लोक पुढे निघून जातात. कारण साक्षीची भीती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे ठाऊक असते तर कितीतरी हात पुढे झाले असते.

हे सर्व वाचून पोलीस हे आपले शत्रू आहेत असा समज कोणी करून घेऊ नये. गणपतीच्या रात्री चौकात उभा असलेला हवालदारही कोणाचा तरी बाप असतो, आणि त्याच्यावर कामाचा बोजा असतो. परंतु नम्रपणे “साहेब, कलम १७३ प्रमाणे इथेच नोंद करता येते ना?” असे विचारणारा नागरिक आणि मान खाली घालून परतणारा नागरिक, या दोघांना मिळणारी वागणूक एकसारखी नसते. अज्ञान दिसले की टोलवाटोलवी सोपी होते.

म्हणून एक सूचना करते. शीला बर्से खटल्यात सांगितलेल्या पत्रकासारखे एक पत्रक आपण स्वतः मराठीत तयार करावे, विधी सेवा समितीकडून तपासून घ्यावे आणि ग्रंथालयाच्या फलकावर लावावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ते गावात वाचून दाखवावे. खर्च कागदाचा तेवढा.

माझ्या मैत्रिणीची पर्स मिळाली नाही. ते दुःख लहान आहे. यंदाच्या हजेरीपटावर तिचे नाव नाही. ती घरी बसून अभ्यास करते आणि परीक्षेपुरती येते. चोराने तिचा मोबाइल नेला. तिचे कॉलेज मात्र आम्हा सर्वांच्या अज्ञानाने नेले. शहाण्याने पायरी चढावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ती पायरी कोठे आहे आणि तिच्यावर आपला हक्क किती, एवढे तरी शहाण्याला ठाऊक असायला हवे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला