"केगेल करा" एवढं सांगणं म्हणजे उपचार झाला का?

बाळंतपणानंतर शिंकलं, खोकलं, पाण्याची कळशी उचलली की लघवीचे थेंब जातात, असं घरात सांगितलं तर मोठ्या बायका म्हणतात, "होतं गं असं." दवाखान्यात सांगितलं तर बऱ्याचदा दोन शब्दांत उत्तर मिळतं: "केगेल करा." पहिलं उत्तर अर्धं खरं आहे. दुसऱ्याबद्दल आज लिहायचंय, कारण त्यात संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असा एक प्रश्न दडलाय: अभ्यासात ज्याला 'उपचार' म्हटलं होतं तोच उपचार प्रत्यक्षात दिला जातोय का?

आधी शरीराबद्दल थोडं. कमरेच्या हाडांच्या कड्यात, तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर तोललेले असतात. योनीमार्गे प्रसूती होताना बाळाचं डोकं या झोळीतून बाहेर येतं. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २००४ साली संगणकीय प्रतिकृतीवरून अंदाज काढला, की झोळीचा सर्वांत मधला भाग त्या वेळी मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो. बहुतेक जणींचा स्नायू हळूहळू सावरतो. काहींचा मात्र हाडापासूनच सुटतो, आणि चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात हा धोका जास्त असतो. सुटलेला स्नायू व्यायामाने पुन्हा हाडाला चिकटत नाही. उरलेल्या तंतूंना बळ देता येतं. सिझेरियनमध्ये हा ताण टळतो, पण नऊ महिन्यांचा भार झोळीवर पडलेलाच असतो. म्हणून "माझं सिझर झालंय, मला काय होणार" हेही खरं नाही.

आता केगेल. अर्नोल्ड केगेल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांचा गाजलेला लेख १९४८ सालचा. त्यांच्या पद्धतीत व्यायामाइतकंच महत्त्व होतं पेरिनिओमीटर नावाच्या उपकरणाला. बाईने स्नायू आवळला की दाब किती पडला ते तिला काट्यावर दिसायचं. म्हणजे आधी योग्य स्नायू सापडलाय ना हे तपासायचं, मग सराव, आणि सरावावर लक्ष. पुढे नाव उरलं, व्यायाम उरला. तपासणी आणि लक्ष ठेवणं मात्र वाटेत गळून पडलं.

याचा परिणाम काय होतो? १९९१ साली बंप आणि सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना दिल्या आणि लगेच त्यांचा प्रयत्न मोजला. २३ जणींना व्यायाम नीट जमला. १२ जणी करत होत्या ते गळती वाढवू शकेल असं होतं. संडासला जोर लावावा तसा दाब खाली देणं ही यातली नेहमीची चूक. नमुना लहान आहे, मान्य. पण विचार करा, ज्या औषधाची निम्मी पाकिटं रिकामी निघतात त्याच्या परिणामाबद्दल आपण काय बोलणार?

आता मोठा पुरावा बघू. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर २०१८ चा कॉक्रेन आढावा आहे. त्यात पेल्विक फ्लोअरचा व्यायाम केलेल्या गटात ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असं सांगितलं. उपचार न घेतलेल्या गटात ६ टक्के स्त्रियांनी. फरक प्रचंड आहे. पण हा आढावा सर्व वयांच्या स्त्रियांचा आहे, फक्त बाळंतिणींचा नाही. तो वाचून "बाळंतपणानंतर व्यायामाने ५६ टक्के बऱ्या होतात" असं प्रबंधात लिहिलं, तर परीक्षक तुम्हाला तिथेच थांबवतील, आणि थांबवायलाच हवं.

बाळंतपणाच्या आसपासचा वेगळा आढावा २०२० चा आहे. गळती नसलेल्या स्त्रियांनी गरोदरपणातच लवकर व्यायाम सुरू केला, तर पुढे गळती होण्याचा धोका कमी होतो, हे त्यात बऱ्यापैकी ठाम दिसतं. पण बाळंतपणानंतर गळती चालूच राहिलेल्या स्त्रियांचं काय? ३ चाचण्या, ६९६ स्त्रिया, जोखीम-गुणोत्तर ०.५५, विश्वासांतर ०.२९ ते १.०७. अंतराने १ ओलांडला, म्हणून निष्कर्ष 'अनिश्चित'. इथे घाई करू नका. 'परिणाम होतो हे सिद्ध झालं नाही' आणि 'परिणाम होत नाही हे सिद्ध झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हे अंतर मोठा फायदा आणि शून्य फायदा, दोन्हींना जागा देतं.

अंतर इतकं रुंद का, याचं एक कारण मला वाटतं ते असं, की प्रत्येक चाचणीतला 'व्यायाम' वेगळा असतो. ग्लेझनर आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत (ब्रिटन आणि न्यूझीलंड, ७४७ स्त्रिया) परिचारिकांनी बाळंतपणानंतर पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात भेटून शिकवलं. वर्षभराने गळती राहिलेल्यांचं प्रमाण ६० विरुद्ध ६९ टक्के होतं. ६ वर्षांनी ते ७६ विरुद्ध ७९ झालं, म्हणजे फायदा जवळपास पुसला गेला. शिकवणाऱ्या भेटी नवव्या महिन्यात संपल्या होत्या, हे हा आकडा वाचताना विसरू नका.

मग तज्ज्ञ नेमकं करतात काय? या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट आधी सगळं ऐकून घेतात. गळती केव्हा होते, टाके दुखतात का, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का, शरीरसंबंधात दुखतं का. मग, तिची संमती असेल तरच, बोटाने आतून तपासून स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये मोजतात, किती सेकंद धरता येतं ते बघतात. काहींचा स्नायू ढिला नसतो, उलट सतत आवळलेला असतो. अशा बाईला आधी सैल सोडायला शिकवावं लागतं; तिने आणखी आवळत बसणं म्हणजे दुखणं वाढवणं. दोन्ही बायकांना बाहेरून "केगेल करा" हेच सांगितलं जातं, म्हणून तर तपासणी हवी. ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस आहे ती देखरेखीखालच्या किमान ३ महिन्यांच्या सरावाची, दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ आकुंचनं. (लघवी मध्येच अडवून रोज सराव करू नये. हा सल्ला फार फिरतो, म्हणून कंसात का होईना, सांगून टाकते.) लघवी होतच नसेल, शौचावर ताबा नसेल किंवा जांघेत बधिरपणा असेल, तर व्यायामाची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या अशा सत्रांचा खर्च सरकारी विमा उचलतो. आपल्याकडे सव्वा महिना शेक-शेगडी, पोट बांधणं, डिंकाचे लाडू असतात, आणि आशाताईंच्या घरभेटी ४२ दिवसांपर्यंत. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी पुन्हा भेटी ठरलेल्या आहेत, पण त्या बाळासाठी. गळती आपोआप थांबली की टिकली, हे साधारण कळायला लागतं ते याच तिसऱ्या महिन्यात. आशाताई दारात आलेल्या असतात, आईला कुणी विचारत नाही.

कुणाला विषय हवा असेल तर इथे आहे. फक्त प्रश्नावलीत "लघवीची काही तक्रार?" असं लिहू नका; जे 'होतंच' ते कुणी तक्रार म्हणून सांगत नाही. "खोकताना किंवा वजन उचलताना कपडे ओले होतात का?" असं विचारा, आणि शक्यतो सासूबाई शेजारी बसलेल्या नसताना. 'हो' म्हणणाऱ्या बाईला कुठे पाठवायचं, तो पत्ता मात्र नैतिकता समितीकडे अर्ज करण्याआधीच पक्का करून ठेवा.